आबांचे मासे वर का येतात

समुद्रापासून इतकं लांब मी कामासाठी कधी गेले नव्हते. माझं सगळं आयुष्य रत्नागिरीच्या किनाऱ्यावर एका प्रयोगशाळेत, समुद्राच्या पाण्यातले बारीक जीव बघण्यात गेलं. त्यांना प्राणिप्लवक म्हणतात. नाव भारदस्त, पण जीव बहुतेक तांदळाच्या कणीहूनही लहान. पाणी नेईल तिकडे जायचं, पाण्यातल्या सूक्ष्म हिरव्या वनस्पती खायच्या आणि हगायचं, एवढाच त्यांचा दिनक्रम. शेवटचं क्रियापद मी व्याख्यानात वापरत नाही, पण खरं महत्त्वाचं काम तेच. त्यांनी बाहेर टाकलेल्यावर त्या वनस्पती पुन्हा वाढतात आणि हे त्यांना पुन्हा खातात. पावसाळ्यात नद्या थोडंफार आणून देतात, खालून वर येणारं पाणी थोडं देतं, पण एरवी किनाऱ्याजवळचा समुद्र बराचसा या घरच्या उष्ट्याखरकट्यावरच चालतो. त्याला बाहेरून कोणी खायला घालत नाही.

हे सगळं आधी सांगून टाकते, कारण पुढचा प्रवास त्यावाचून कळायचा नाही.

सुनंदा माझी पुण्याच्या हॉस्टेलातली खोलीमैत्रीण. ती कॉमर्सची, मी सायन्सची. आता ती जळगावला बँकेत आहे, पिंप्राळ्यात राहते. माघ संपता संपता तिचा फोन आला, "भरताचा मोसम चाललाय, ये. आणि येताना तुझं ते पाण्यातलं ज्ञान घेऊन ये. घरात भांडण लागलंय."

भांडण शेततळ्यावरून होतं. तिचे सासरे, आबा, चोपड्याच्या बाजूला शेतावर राहतात. केळीच्या पाण्यासाठी तिथे प्लास्टिक अंथरलेलं तळं आहे, त्यात मासे आहेत. तळ्याचं पाणी हिरवंगार झालंय, ठिबकच्या फिल्टरमध्ये रोज हिरवा लगदा अडकतोय. तिचे यजमान प्रमोदभाऊ म्हणतात, पाण्यात मोरचूद टाकतो, हिरवं एका दिवसात मरेल. आबांनी ऐकलं आणि म्हणाले, "मोरचूद टाकनं व्हई ते पहिले माले टाक पानीमा."

मी माझी बारीक जाळी पिशवीत भरली. मनात म्हटलं, तळं आहे, मासे आहेत, म्हणजे दोन दिवस बरे जातील. कोकणातल्या माणसाच्या डोक्यात मासा आणि जेवण या दोन वेगळ्या गोष्टी नसतात.

पिंप्राळा

सुनंदाच्या सोसायटीच्या गच्चीवर भरताचा बेत होता. आमच्याकडचं वांगं मुठीत मावतं. इथली हिरवट पांढरी वांगी चांगली दुधीएवढी. ती पऱ्हाटीच्या, म्हणजे वाळलेल्या कपाशीच्या काड्यांवर भाजली, सोलली आणि बडगीत घालून लाकडी मुसळाने ठेचली. लाकडाचं हे खोलगट भांडं प्रत्येक घरी असावं असं वाटलं, कारण शेजारणीही आपापली घेऊन आल्या होत्या. हिरव्या मिरच्या, लसूण, कांद्याची पात, शेंगदाणे. सोबत कळण्याच्या पुऱ्या. कळणा म्हणजे ज्वारी आणि उडदाचं एकत्र दळलेलं पीठ.

मी दोन पुऱ्यांवर थांबले.

"काय झालं? तिखट लागलं का?" प्रमोदभाऊंनी विचारलं.

"नाही, पोट भरलं."

त्यांनी सुनंदाकडे पाहिलं, सुनंदाने शेजारणीकडे, आणि तिघांच्या मते माझी तब्येत बरी नव्हती. पानात आणखी दोन पुऱ्या पडल्या. आमच्याकडे पाहुण्याने नको म्हटलं की वाढणारा हात निमूट मागे जातो, कधी कधी जरा जास्तच चपळाईने जातो. इथे "नको" हा शब्द फक्त तोंड चालू असल्याची खूण म्हणून ऐकला जातो. मी चौथी पुरी खाल्ली, पाचवीच्या वेळी पानावर आडवी पडायचीच राहिले.

"मासे कोण करतं घरी?" मी सुनंदाला हळूच विचारलं.

ती हसून लोळायचीच बाकी राहिली. "अगं, आबा माळकरी आहेत. आमच्या घरात अंडं शिजत नाही!"

"मग तळ्यात मासे कशाला?"

तेव्हा तिने नीट सांगितलं. दोन वर्षांपूर्वी तिच्या सासूबाई गेल्या. आबा त्यानंतर ओट्यावर बसून राहिले ते राहिलेच. शेतात जायचे नाहीत, कुणाशी बोलायचे नाहीत, ताट पुढे ठेवलं तर जेवायचे. तळं नवीन होतं. बी विकणाऱ्या कुणीतरी पाण्यात डास होऊ नयेत म्हणून माशांचं बी, म्हणजे बारकी पिल्लं, सोडून दिलं, तेही सढळ हाताने. एक दिवस आबा सहज तळ्यापर्यंत गेले, हातातला भाकरीचा तुकडा टाकला आणि बोटाएवढी पोरं त्यावर तुटून पडली. दुसऱ्या दिवशी आबा दोन भाकरी घेऊन गेले. तेव्हापासून ते रोज उठतात, अंघोळ करतात, तळ्यावर जातात.

"मासे मेले ना, वासंती," सुनंदा म्हणाली, "तर ते परत ओट्यावर बसतील. या खेपेला उठायचे नाहीत."

माशाच्या आशेने आलेली मी चांगलीच वरमले.

तापीपलीकडे

जळगाव सोडून तापी ओलांडली की केळी सुरू होते, ती डोळे मिटले तरी संपत नाही. कोकणात केळ म्हणजे परसदारी न्हाणीच्या पाण्यावर वाढलेलं एखादं झाड. इथे हिरव्या भिंती उभ्या, मधून गाडीरस्ता, आणि उत्तरेला सातपुडा निळसर आडवा पडलेला. घड वाहून नेणारे ट्रॅक्टर समोरून आले की आमची गाडी थेट केळीच्या पानांत शिरायची. मला सारखं वाटत होतं की या भिंतीच्या पलीकडे समुद्र असणार. सवय, दुसरं काय.

आबा तळ्याच्या बांधावर उभे होते. उंच, काटकुळे, डोक्यावर पांढरी टोपी, हातात बादली. बादलीत भिजवलेली सरकीची ढेप. गुरांना घालतात तीच.

"कोकननी बहीन उनी का?" त्यांनी मला आपादमस्तक न्याहाळलं. "लईच बारीक शे. जेवस का नही?"

मी हसले. पण पाण्याकडे पाहिलं आणि हसू गेलं. दाट, साबुदाण्याच्या खिरीत हिरवा रंग कालवल्यासारखं पाणी. मी बाही वर केली आणि हात बुडवला. मनगटाच्या खाली माझाच हात मला दिसेना.

"सकायले ये," आबा म्हणाले. "मना पोऱ्या दावस तुले. माले देखतास का बठ्ठा वर येतस. तोंड उघडी उघडी बोलतस मनासंगे."

बठ्ठा म्हणजे सगळे. सगळे मासे सकाळी वर येतात, हे लक्षण मला बरं वाटलं नाही.

आबांनी बादली रिकामी केली. मग सालदाराची बायको येऊन उरलेल्या भाकऱ्या टाकून गेली. मग प्रमोदभाऊंनीही, मोरचुदाच्या गोष्टी करणाऱ्या त्याच माणसाने, खिशातून फुटाणे काढून टाकले. "दिसले की टाकावंसं वाटतं," ते ओशाळून म्हणाले. त्या बांधावरून रिकाम्या हाताने कोणी गेलं असेल असं मला वाटत नाही. काल रात्रीच्या माझ्या पाचव्या पुरीची आठवण झाली. मला निदान "नको" म्हणता तरी येत होतं.

जाळी पाण्यातून ओढली. जाळीच्या टोकाच्या बाटलीत हिरवा रस जमला, पण त्यात हलणारं जवळपास काहीच नव्हतं. मग शेजारच्या शेतात गेले. तिथे धनराजभाऊंचं तसंच तळं होतं, त्यात मासे नव्हते. तिथली बाटली उन्हात धरली तर आत नुसती गडबड. पाणपिसवा झटके देत वर जात होत्या, लांबट शिंगांचे चिमुकले जीव टुणटुण उड्या मारत होते. खारं पाणी नव्हतं एवढंच, बाकी चेहरे ओळखीचे. माहेरचं कोणी स्टँडवर अचानक भेटावं तसा मला आनंद झाला.

संध्याकाळी ओट्यावर दोन्ही बाटल्या आबांपुढे ठेवल्या. पोथी वाचायचं भिंग त्यांनी डोळ्याला लावलं.

"ह्या काय शेतस?"

"मी समुद्रात आयुष्यभर हेच बघत आले, आबा. हे हिरवं खातात."

"मंग मना पानीमा काबर नही?"

"तुमच्या माशांनी खाल्ले. कटला मासा यांच्यावरच वाढतो. तुमचे मासे फार झालेत, त्यांनी हे सगळे संपवले. आता हिरवं खाणारं कोणी उरलं नाही. आणि तुम्ही जी ढेप घालता ती माशांच्या पोटातून पाण्यातच येते. त्यावर हिरवं आणखी वाढतं."

"समुद्रमा कोन ढेप टाकस?"

"कोणीच नाही."

"मंग त्या उपाशी मरतस का?"

"नाही. एकाचं टाकलेलं दुसऱ्याला पुरतं. तेच फिरत राहतं."

आबांनी भिंग खाली ठेवलं. "तू म्हनस मी जीवले उपाशी ठेवू?" आवाज चढला. "घरमा उनेल जीव उपाशी? आमनामा तसं व्हत नही, बहीन." आणि ते उठून आत गेले. जी गोष्ट सांगायला मी आले होते ती अर्धीच सांगितली होती, आणि उरलेली अर्धी जास्त वाईट होती.

तळ्यावर

सकाळी आभाळ भरून आलं होतं. तळ्यावर गेलो तर पाण्यावर तोंडंच तोंडं. शेकड्यांनी उघडझाप करणारी गोल तोंडं, पाण्याच्या अगदी वरच्या थराशी. एक हलकासा चुप चुप आवाज सगळीकडून येत होता. दोन मासे पांढरी पोटं वर करून कोपऱ्यात तरंगत होते.

"देख!" आबांचा चेहरा उजळला. कालचा राग कुठल्या कुठे गेला. "देख कशी गर्दी शे!" आणि त्यांनी बादलीत हात घातला.

मी त्यांचा हात धरला. अनोळखी बाईने असा हात धरणं त्यांना आवडलं नसणार, पण मी सोडला नाही.

"आबा, आज नको. ते तुमच्याशी बोलत नाहीयेत. त्यांना श्वास पुरत नाहीये."

"काय म्हनस?"

"हे हिरवं दिवसा पाण्यात हवा सोडतं, पण रात्री तेच हवा ओढून घेतं. पहाटेपर्यंत माशांना काही उरत नाही. म्हणून ते वर येतात. आज आभाळ भरलंय, ऊन नाही, म्हणून जास्त आलेत."

आबांनी हात सोडवून घेतला. प्रमोदभाऊ खाली मान घालून उभे होते. मला वाटलं, आता हे मला हाकलून देतील. खरं तर दिलं असतं तर बरं झालं असतं.

"मनाकरता येतस त्या," आबा हळू म्हणाले. मग बादली खाली ठेवली. "थांब. देखू आपन."

ते बांधावरून उतरले, केळीत शिरले आणि एका खुंटामागे वाकून उभे राहिले. आम्हालाही त्यांनी हाताने मागे बोलावलं. ऐंशीच्या घरातला तो माणूस, टोपी काढून हातात धरलेली, आणि पानाच्या फटीतून पोरांच्या लपंडावासारखा तळ्याकडे बघतोय. आम्हीही वाकलो. बांधावर कोणी नव्हतं. आपण दिसलो नाही तर मासे खाली जातील, असा त्यांचा हिशेब. सरळ होता, कोणत्याही प्रयोगशाळेत चालला असता.

आम्ही बराच वेळ वाट पाहिली. तोंडं तशीच होती. चुप चुप चालूच होतं. एकही खाली गेलं नाही.

आबा खुंटाला टेकून खाली बसले, ओल्या मातीतच.

"मी हासत व्हतू," ते म्हणाले. "रोज हासत व्हतू. आनि त्यास्ना जीव जात व्हता."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं आणि मी ते पुसलंही नाही. वाटलं, कशाला आलो आपण. बायको गेल्यावर बिचाऱ्याला कोणीतरी रोज भेटायला येत होतं, ते मी हिरावून घेतलं. सुनंदा त्यांच्या शेजारी बसली आणि त्यांच्या पाठीवर हात ठेवला. सासऱ्याच्या पाठीवर सून हात ठेवते हे त्या गावात रोजचं दृश्य नसावं, पण तेव्हा कोणाला सुचणार.

उठले मात्र आबाच आधी. "पम्या," ते मुलावर ओरडले, "देखी काय राहिना? मोटर लाव!"

प्रमोदभाऊ पळाले. विहिरीचं पाणी पाइपातून उंचावरून तळ्यात पडू लागलं, फेस उठला. मासे त्या फेसाकडे सरकले. दुपारी ऊन आलं तेव्हा पाण्यावर तोंडं नव्हती. मोरचुदाचं नाव पुन्हा निघालं नाही. ते टाकलं असतं तर हिरवं मेलं असतं, ते कुजताना उरलीसुरली हवा गेली असती आणि माशांबरोबर माझे चिमुकलेही संपले असते, एवढं मी सांगून टाकलं.

राहिला गर्दीचा प्रश्न. अर्धे मासे तरी काढावे लागणार होते. धनराजभाऊंचं तळं मोकळं होतं, पण धनराजभाऊ मासे खातात, हे सगळ्या शिवाराला ठाऊक. आबांनी त्यांना बोलावून समोर बसवलं.

"तुले देस. पन तू खाशी नही. शब्द दे."

धनराजभाऊंनी कान पकडले. "आबा, तुम्हना घरना पोऱ्या मी कसा खासू? मना गयाखाल उतरी का?"

मी दुसरीकडे बघू लागले. पिशवीतली जाळी आणि पोटातली आशा घेऊन आलेली मी तिथे उभी होते, हे कुणाला कळायला नको होतं.

टाक्यांतून मासे नेताना आबा प्रत्येक फेरीला सोबत चालत गेले. ढेपेचं पोतं त्यांनी स्वतः गोठ्यात नेऊन ठेवलं. मग मला म्हणाले, "तुन्ह्या त्या पिसवा दे." धनराजभाऊंच्या तळ्यातून जाळीने गोळा केलेल्या जीवांची कळशी मी त्यांच्या हातात दिली. मी सांगितलं होतं की ही काही जादू नाही, दुधाला विरजण लावतो तेवढंच. रोज थोडं हिरवं पाणी केळीला द्यायचं, विहिरीचं ताजं भरायचं, खाऊ बंद. आबांनी कळशी पाण्यात तिरकी केली, अगदी सावकाश.

निघताना मी त्यांना खूण शिकवली. रोज कोपरापर्यंत हात बुडवायचा. आधी मनगट दिसेल, मग तळवा, मग बोटं. बोटं दिसली की समजायचं, तळं सावरलं.

"आनि मासा?" त्यांनी विचारलं.

"मासे खाली राहतील, आबा. वर यायची गरज राहणार नाही."

त्यांनी बाही वर सारून हात पाण्यात बुडवला. सुनंदाने मला अमळनेरवरून धुळ्याच्या बसमध्ये बसवलं. धुळ्याच्या स्टँडवर गाडी बदलताना मी तिने दिलेला डबा उघडला. त्यात कळण्याच्या इतक्या पुऱ्या होत्या की शेजारच्या बाकावरच्या म्हातारीला, तिच्या लेकीला आणि मला तिघींना पुरून उरल्या. म्हातारीने पहिला घास घेतला आणि विचारलं, "जयगावना शे का?" मी नाही म्हटलं, तर तिला पटलं नाही.

रत्नागिरी

परतल्यावर कामाला लागले. होडीतून जाळं ओढताना, बाटली उन्हाकडे धरताना, मधेच आबा आठवायचे. फोन करायचं धाडस होईना. सुनंदा म्हणायची, ठीक आहेत, तळ्यावर जातात, फार बोलत नाहीत. या "फार बोलत नाहीत"ने माझी झोप उडवली होती.

चैत्रात एका सकाळी तिच्या नंबरवरून आबांचाच फोन आला.

"बहीन, कोपरालगून हात घालस मी रोज."

"मग?"

"आज बोटे दिसतस."

मी खुर्चीत बसले. "फिल्टर?" असं काहीतरी मूर्खासारखं विचारलं.

"त्या पम्याले इचार." मग म्हणाले, "मासा आते वर येत नही. मी काठवर बसस. माले देखतस का नही, देव जाने."

खिडकीबाहेर भरतीचं पाणी चढत होतं.

"आबा, वाईट वाटतं का हो?"

"पहिले वाटे," ते म्हणाले. "पहिले माले नुसता तोंडच दिसेत. आते खालथून फिरतस ते बठ्ठा दिसतस. पुरा मासा दिसस, बहीन. शेपटालगून."